सरासरीवर टांगलेली घरटी

नदीला अजून नाव पडलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. काठच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. थोरल्या सुगरणीने खोडावरच्या दहा पुरांच्या खुणा मोजल्या, सरासरी काढली आणि तिच्या वीतभर वर सगळ्यांना घरटी बांधायला लावली.

काठच्या वाळूत राहणारी टिटवी संतापली. "अगं, दहातले चार पूर या घरट्यांच्याही वर चढले होते. त्यांचं काय करायचं?"

"सरासरीत तेही धरलेत," थोरली म्हणाली. "तू आपली वाळूत अंडी घाल."

श्रावणात पूर आला. घरटी पिलांसकट वाहून गेली.

"माझं गणित चुकलं नव्हतं," थोरली म्हणाली.

टिटवीने वर पाहिलं. थोरलीचं एकटीचं घरटं शेंड्याला कोरडं झुलत होतं.

"मग ते तिथे कोणत्या गणिताने बांधलंस?"