दर्यानं आणलेला चिखल

या गोष्टीत राजा नाही. राजाचं कामच पडत नाही. एक होती बाई आणि एक होता दर्या, एवढंच. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

बाईचं नाव गोमी. खाडीकाठच्या एका पाड्यात राहायची. तिला दोन मुलं. ठमी सात वर्षांची, पोशा पाचाचा. तिच्या नवऱ्यानं खाडीत बांध घालून मिठाचं आगर केलं होतं. स्वतःच्या हातांनी. त्या पावसाळ्यात तो तापानं गेला.

मग दिवाळी झाली. एका दुपारी भरतीचं पाणी बांधापाशी आलं आणि बोलायला लागलं. तेव्हा दर्या बोलायचा, बरं का.

दर्या म्हणाला, “गोमे, ही जागा माझी. तुझ्या नवऱ्याच्या हातांकडे बघून सोडली होती. ते हात गेले. जागा परत दे.”

गोमी म्हणाली, “बाबा, हात अजून आहेत घरात. सहा आहेत.”

“त्यातले चार तर अजून नाक पुसायला शिकतायत,” दर्या म्हणाला. “बरं. शिमग्याच्या पुनवेला येतो. ओंजळभर मीठ दाखव. पांढरं. त्यात चिखलाचा एक कण दिसला, तर बांधासकट जागा नेईन.”

एवढं बोलून तो ओहोटीबरोबर निघून गेला.

आता मीठ कसं होतं ते सांगतो. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं. ऊन पाणी पिऊन टाकतं, मीठ खाली राहतं. पण वाफ्याचा तळ मऊ असला तर चिखल वर येतो आणि मीठ काळं पडतं. म्हणून आधी तळ तुडवायचा. टाचेनं. दिवसचे दिवस. टाच आपटली तरी तिला चिखल लागू नये, इतका.

हे एकट्याचं काम नाही. त्या पाड्याची रीत होती. दारोदार जायचं आणि म्हणायचं, “पाय द्या.” मग अख्खा पाडा आगरात उतरायचा. ज्याचं आगर, त्यानं दुपारी सगळ्यांना भाकरी आणि सुकट घालायची. आणि न बोलावता दुसऱ्याच्या आगरात कुणी पाय टाकायचा नाही, हीही रीत.

गोमीच्या मडक्यात तांदळाचं पीठ उरलं होतं तीन तोंडांपुरतं. भाकरी घालता येत नाही तर हाक कशी मारायची, असं तिला वाटलं. मानी बाई. मान असावा. पण मान चिखल तुडवत नाही.

ती एकटी उतरली. महिनाभर तुडवलं. तळ घट्ट होत आला.

मग मार्गशीर्षात अवसेची भरती आली. बांध फुटला. दर्यानं वाफ्यात घोटाभर चिखल आणून टाकला. गोमी बांधावर बसून रडली. रडेना का. माणूसच ती. सकाळी तिनं पदर खोचला, बांध सांधला आणि पुन्हा तुडवायला लागली.

मग पौषात भरती आली. बांध दुसऱ्या जागी फुटला. या वेळी चिखल पोटरीभर. त्यात शिंपले होते. तिचा पाय कापला. ती रडली, पायाला फडकं बांधलं आणि पुन्हा उतरली.

मग माघात भरती आली. बांध तिसऱ्या जागी फुटला. चिखल गुडघाभर. शिमग्याला महिना राहिला नव्हता.

या वेळी गोमी रडली नाही. हे वाईट. माणूस रडतं आहे तोवर काळजी नसते. ती बांधावर बसली आणि उठेना. ठमीनं हाक मारली, तरी बघेना.

मग ठमीनं पोशाचा हात धरला आणि दोघं वाफ्यात उतरली. पोशा कमरेपर्यंत रुतला. ठमीनं त्याला ओढून काढला. तो पुन्हा रुतला.

“ठमे, वर या,” गोमी म्हणाली. “तुमच्यानं नाही व्हायचं.”

“तू बस,” ठमी म्हणाली. “आम्ही दमलो की तुला उठवू.”

पोशा म्हणाला, “मी आत्ताच दमलोय. पण मी सांगणार नाही.”

गोमी बघत राहिली. चिमुकली पावलं उमटायची आणि लगेच पाण्यानं भरून जायची. पोरांनी वाफ्याचा एक कोपरासुद्धा तुडवला नव्हता. पण ती थांबतही नव्हती. मग गोमी उठली. वाफ्यात उतरली नाही. पाड्याकडे चालायला लागली.

पहिलं दार भागीचं. भागी सुपात तांदूळ पाखडत होती.

गोमी म्हणाली, “पाय दे. घरात भाकरी नाही.”

भागीनं सूप खाली ठेवलं. “भाकरी मागितली कुणी? तीन महिने दाराकडे बघत बसलोय आम्ही. आमच्या पायांत काय काटे होते?”

“चुकलं माझं,” गोमी म्हणाली.

“चुकलंच. चल.”

राघो म्हातारा काठी टेकत बाहेर आला. म्हणाला, “माझा एकच पाय बरा आहे. तेवढा घे.”

मग अख्खा पाडा उतरला. ज्यानं त्यानं आपली भाकरी फडक्यात बांधून आणली. आधी बांध सांधला. मग खांद्यावर हात टाकून माणसांची ओळ केली आणि या काठावरून त्या काठावर तुडवत गेले. ठमी आणि पोशा ओळीच्या मधोमध. चार दिवस तुडवलं. पाचव्या दिवशी राघोनं काठी आपटली. काठी टणकन वाजली.

मग पाणी घेतलं. ऊन पडत राहिलं. पाणी आटत गेलं. तळाशी मीठ चमकायला लागलं. ते ओढून बांधावर ढीग घातला.

शिमग्याची पुनव आली. भर दुपारी दर्या आला. बांधाच्या काठोकाठ. सगळा पाडा जमला होता. गोमीनं बांधावरच्या ढिगातलं ओंजळभर मीठ उचललं आणि पुढे धरलं.

दर्यानं बघितलं. एक कण काळा नव्हता. त्याचा विश्वास बसेना. त्यानं पाण्याची एक जीभ वाफ्यात घातली आणि तळावर आपटली. तळ हलला नाही. दुसऱ्यांदा आपटली. नाही. तिसऱ्यांदा सगळा जोर लावून आपटली. पाणी उडून त्याच्याच तोंडावर आलं.

दर्या म्हणाला, “असा तळ तुझ्या नवऱ्यालाही जमला नव्हता. हा चिखल आणलास कुठून?”

गोमी म्हणाली, “मी कुठला आणते, बाबा? तूच आणलास. तीनदा. आम्ही नुसता तुडवला.”

मग दर्यानं बांधाला हात लावला. थोरामोठ्यांच्या पायाला लावतात ना, तसा. आणि मागे फिरला.

अजूनही तो तेच करतो. रोज भरतीला येतो, बांधाला हात लावतो आणि परत जातो. त्या वर्षी गोमीनं मीठ विकून तांदूळ आणला आणि सगळ्या पाड्याला भाकरी घातली. राघोनं चार खाल्ल्या. म्हणाला, एका पायाला एवढं पुरे. पुढे ठमी मोठी झाली, पोशा मोठा झाला. आगर त्यांनी राखलं. सगळी सुखानं राहिली.

मीठ मडक्यात, दर्या खाडीत, तुम्ही पांघरुणात. मिटा डोळे.