राजांचं पोट आणि धोंडजीचा तांब्या

राजे उदयभानांचं पोट पाच दिवस साफ झालं नव्हतं, आणि गडाचा रिवाज औषधाच्या आड येत होता. राजांच्या मुखी जायचं ते आधी चाखणाऱ्या धोंडजीने तितकंच खायचं, दोन प्रहर त्याच्यावर पहारा, मग राजांची पाळी. वैद्यांनी एरंडेल दिलं. दुसऱ्या प्रहरी धोंडजी पहारेकऱ्याला भाल्यासकट बाजूला सारून जो पळाला, तो संध्याकाळपर्यंत झाडीतून बाहेर आला नाही.

“विषप्रयोग!” राजे कडाडले. वैद्य कोठडीत गेले, वर हुकूम सुटला: धोंडजीला काही होणार नाही आणि राजांना मोकळं करील, असं औषध तीन दिवसांत आणा, नाहीतर वैद्य आणि धोंडजी दोघांचाही कडेलोट.

धोंडजीची सून सगुणा लग्न होऊन महिन्यापूर्वी आली होती. ‘हो’ आणि ‘बरं’पलीकडे तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. पण कोंबडा आरवला की मामंजी तांब्या घेऊन निघतात आणि गुणगुणत परततात, हे तिने पाहून ठेवलं होतं. इसबगोलाची पुडी घेऊन ती दरबारात उभी राहिली.

वाटीभर पाण्यात तिने थोडी भुसी टाकली. बघता बघता ती फुगून लिबलिबीत झाली. राजे मागे सरकले. पोटात ही फुगली तर आपण फुटायचो, अशी त्यांना धास्ती.

“सरकार, एरंडेल म्हणजे चाबूकवाला शिपाई. दिसेल त्याला हाकलतो,” सगुणा म्हणाली. “हा पखालवाला. पाणी धरून ठेवतो, अडलेलं मऊ करतो, सावकाश पुढे नेतो. फक्त वरून पाणी भरपूर प्यायचं.”

धोंडजी प्यायला. दोन प्रहर उभा राहिला आणि शेवटी कंटाळून पहारेकऱ्याशी सोंगट्या खेळत बसला. मग राजे प्यायले. पहिली सकाळ कोरडी गेली. कोठडीत वैद्यांनी सगळे देव आठवले. दुसऱ्या सकाळी वाड्याच्या मागून राजांची अशी आरोळी आली, की तोफखान्याने विजय समजून सलामी दिली.

दरबार भरला. पण कारभारी उठले. “अट मोडली, सरकार! धोंडजीही आज तांब्या घेऊन गेला. म्हणजे त्यालाही औषध लागलंच.”

सगुणाने पदर सावरला.

“गेले ना. मी या घरात आल्यापासून रोज जातात. कारभारीकाका, आज सकाळी तुम्हीही गेला असालच. तुम्हाला कुणी औषध पाजलं?”

राजे पोट धरून हसले, तेही न दुखता! वैद्य सुटले, सगुणाच्या हातात सोन्याचे तोडे पडले. आणखी काय हवं, असं राजांनी विचारलं.

“मामंजींनी यापुढे फक्त गोडधोड चाखावं,” ती म्हणाली, “आणि औषधं कारभारीकाकांनी.”

राजांनी तिथल्या तिथे शिक्का उमटवला.