कणकेच्या डब्यातली गोळी

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध पखवाजवादक राहत असत. सारा गाव त्यांना बुवा म्हणे. बुवांनी आयुष्यभर अनेकांना पखवाज शिकवला; पण उतारवयात त्यांच्याकडे जी शिष्या आली, तिच्याइतके हट्टी माणूस आपण पाहिले नाही, असे ते कौतुकाने सांगत. तिचे नाव द्वारका.

मुले मार्गी लागल्यावर, कानामागे पांढरी बट दिसू लागल्यावर द्वारका शिकायला बसली. गावाने आधी हसून घेतले. उत्सवाचे सगळे पाहणारे शिवरामअण्णा म्हणाले होते, "वहिनी, पखवाज म्हणजे पोळपाट नव्हे." त्यावर द्वारका म्हणाली होती, "पोळपाट तरी तुम्ही कधी हातात धरलाय, अण्णा?" त्या दिवसापासून दोघांचे बरे नव्हते. तरी तिचा हात इतका तयार झाला, की यंदाच्या सप्ताहात एकादशीच्या कीर्तनाला साथ करायचा मान तिला द्यावाच लागला. गावात आजवर त्या जागेवर बाई बसली नव्हती. द्वारकेचे सारे चित्त त्या एका संध्याकाळकडे लागले होते.

एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती, घरीदेखील नाही. तिला मधुमेह झाला होता. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि त्या कशा घ्यायच्या तेही नीट सांगितले होते. पण द्वारकेच्या कानात दुसरेच शब्द घुमत होते. हे कळले तर अण्णा म्हणणार, "बघा, दुखणेकरी बाई. मध्येच चक्कर आली तर कीर्तनाचं काय?" म्हणून तिने गोळ्या पाकिटातून सोडवल्या आणि ज्या डब्याला दुसरे कुणी हात लावणार नाही अशा डब्यात टाकल्या. तो पखवाजाच्या कणकेचा डबा होता.

पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्यापूर्वी ओल्या कणकेचा गोळा लावतात. त्यानेच त्याला खर्ज येतो. वाजवून झाले की ती कणीक खरवडून काढायची आणि पुढच्या वेळी नवी मळायची. असा पिठाचा पितळी डबा द्वारकेच्या पिशवीत नेहमी असे. त्या पिठात आता पांढऱ्या गोळ्या लपल्या.

घेणेही तसेच लपूनछपून आणि मनाला येईल तसे चाले. बरे वाटले की आज नको. राहिली की उद्या दोन. तिला वाटे, हिशेब बरोबर जमतोय.

त्या गावात आणखी एक चाल होती. एकादशीला पखवाजावर बसणाऱ्याने आरती होईपर्यंत निर्जळी राहायचे. अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. आपल्याला हे झेपेल ना, याची तालीम करावी म्हणून सप्ताहाच्या आधी एक दिवस द्वारका काही न खातापिता बुवांच्या पडवीत शिकायला आली. आदल्या दिवशीची गोळी राहिली होती, म्हणून निघताना तेवढ्या घोटभर पाण्याबरोबर तिने दोन घेतल्या होत्या.

सुरुवातीचे बोल ठीक निघाले. मग लय वाढली आणि तिची बोटे तिचे ऐकेनाशी झाली. मानेवरून घाम ओघळू लागला. छाती धडधडू लागली. समेवर यायचे तेच चुकले, पुन्हा चुकले, आणि सम कुठे आहे हेच तिला आठवेना.

"थांब," बुवा म्हणाले.

"नाही थांबणार. तुम्ही ठेकाच चुकीचा धरताय!" ती त्यांच्यावर खेकसली. असे ती कधी बोलत नसे. बुवांनी तिच्या तोंडाकडे पाहिले, आणि ते उठून गूळ कालवलेल्या पाण्याचा पेला घेऊन आले.

"मी निर्जळी आहे."

"पी म्हणतो ना. देवाला मी सांगतो काय सांगायचं ते."

तिला हातात पेला धरवेना, म्हणून बुवांनी तो धरला. ती घोट घोट प्यायली. हळूहळू थरथर ओसरली. मग त्यांनी तिला समोर बसवून दूधभाकरी खायला लावली. ती खात असताना नवी कणीक मळावी म्हणून बुवांनी पितळी डबा उघडला, पिठात बोटे घातली आणि ते क्षणभर थबकले.

"ऊन लागलं, बुवा," ती खाली मान घालून म्हणाली.

"असेल."

तिच्या चेहऱ्यावर रंग परत आल्यावर बुवांनी पखवाज पुढे ओढला. डाव्या तोंडावरची कणीक त्यांनी सुरीने खरवडून साफ काढून टाकली आणि पखवाज तिच्याकडे सरकवला.

"वाजव."

"कणकेशिवाय?"

"काल लावली होतीस की. काल छान बोलत होता."

गुरूची आज्ञा म्हणून तिने थाप मारली. पखवाज पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ वाजला. बुवांनी मान डोलावली, कणकेचा भलामोठा गोळा मळला आणि डाव्या तोंडावर थापला. त्यावर तेवढाच आणखी थापला.

"आता वाजव. कालची आणि आजची मिळून लावलीय."

या वेळी नाद आलाच नाही. धान्याच्या पोत्यावर हात मारावा तसा धप्प आवाज आला. द्वारकेचा संताप उसळला.

"बुवा, थट्टा करायची तर सरळ करा! अण्णांसारखं तोंडावर हसा. मला येत नाही असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

बुवांनी शांतपणे डब्यातल्या पिठात हात घातला आणि तिच्यापुढे मूठ उघडली. पिठाने माखलेली एक पांढरी गोळी तळहातावर होती.

"का गं," ते म्हणाले, "पखवाजाला साखर झालीय का?"

द्वारकेला हसूही आले आणि रडूही. पदराने तोंड पुसत तिने सारे सांगून टाकले. लपवलेल्या गोळ्या, चुकलेल्या गोळ्या, आजच्या दोन. आणि शेवटी मान वर करून म्हणाली, "पण मी लपवणारच, बुवा. सांगितलं तर मला त्या जागेवर बसू देणार नाहीत. एवढ्या वर्षांचा माझा घाम गेला मग पाण्यात. या दुखण्यापुढे मी वाकणार नाही."

बुवांनी पखवाजावरून हात फिरवला. मग म्हणाले, "वाकू नकोस. तुझा हट्ट मला आवडतो, त्याच्यावरच तू इथवर आलीस. पण पोरी, तू भांडतेस ते चुकीच्या माणसाशी. अडवणार अण्णा, आणि तू शिक्षा करतेस स्वतःच्या देहाला. तो तर तुझ्याच बाजूने वाजतोय. कालची कणीक आज बोलत नाही, आणि आज दुप्पट लावून काल भरून निघत नाही. पखवाज सुरात आला म्हणून कणीक लावायचं सोडतेस का? कणीक आहे म्हणून तो सुरात असतो. किती लावायची, कधी लावायची हे ठरवायला शिकलेला हात लागतो. कणकेचा हात मी तुला शिकवला. गोळीचा हात माझा नाही आणि तुझाही नाही. तो त्या डॉक्टरीणबाईंचा. आत्ताच्या आत्ता त्यांच्याकडे जाऊन ये आणि आज काय काय केलंस ते एकही गोष्ट न लपवता सांग. मग परत ये आणि भांड. मी बघायला येईन."

द्वारका तशीच एस.टी.ने तालुक्याला गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली, मग सगळे ऐकून घेतले, मग रागावल्या.

"पिठातल्या गोळ्या टाकून द्या. गोळी पाकिटातच ठेवायची, नाव आणि तारीख दिसली पाहिजे. एखादी राहिली तर राहिली, पुढच्या वेळी दोन कधीही घ्यायच्या नाहीत. काय करायचं कळेना तर मला फोन करा. आणि उपाशीपोटी? अहो, तुमची ही गोळी पोटात गेली की साखर उतरवत राहते. तुम्ही जेवलात की एकादशी केलीत, हे तिला कुठं कळतं?"

"मग साखर एकदा ताब्यात आली की बंद करायची का?"

"ते तुमच्या बरं वाटण्यावर ठरत नसतं. तपासणी बघून आपण दोघी ठरवू. आणि आजच्यासारखा घाम सुटला, हात कापायला लागले, जीव घाबरा झाला, तर लगेच साखर किंवा गूळ घ्यायचा, मग पोटभर खायचं आणि मला कळवायचं. 'ऊन लागलं' म्हणायचं नाही."

"आणि निर्जळी?"

"या गोळीवर नाही. एकादशीचंच खा, पण वेळेवर आणि पोटभर खा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्यासाठी गोळीच्या आणि जेवणाच्या वेळा नव्याने बांधून दिल्या. त्याच रात्री द्वारकेने घरी सगळ्यांना सांगितले. आभाळ कोसळले नाही. नवऱ्याने एवढेच विचारले, "मग चहात साखर घालत होतो तो मी मूर्खच ना?"

एकादशीची संध्याकाळ आली. मांडव भरला. बायका एका अंगाला, पुरुष एका अंगाला, मध्ये टाळकरी. कीर्तन उभे राहायला वेळ होता. द्वारका आली, पखवाजाच्या जागेवर मांडी घालून बसली, शेजारी पितळी डबा ठेवला आणि पिशवीतून दुसरा डबा काढला. त्यात राजगिऱ्याची भाकरी होती, दाण्याची आमटी होती, दही होते. तिने सगळ्यांसमक्ष पाकिटातून गोळी काढली, पाण्याच्या घोटाबरोबर घेतली आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मांडवात कुजबुज सुरू झाली. शिवरामअण्णा तरातरा आले.

"वहिनी! हे काय मांडलंय? या जागेवर बसणारा निर्जळी असतो, ठाऊक नाही तुम्हाला?"

"ठाऊक आहे."

"मग?"

"मला मधुमेह आहे, अण्णा." आवाज चढवायची तिला गरज वाटली नाही, आणि मांडव इतका गप्प झाला होता की शेवटच्या रांगेलाही ते ऐकू गेले. "ही गोळी उपाशीपोटी घेतली तर माझे हात थरथरतात. न घेतली तर साखर शरीर आतून पोखरते. मी दोन्ही करणार नाही. एकादशी मी मोडलेली नाही. ती देवाची. निर्जळी तुमची आहे, ती पाळणार नाही."

"मग या जागेवर बसू नका."

"बसलेय."

"उठा म्हणतोय मी!"

"उठवायचं असेल तर पखवाजासकट उचला," द्वारका म्हणाली आणि आमटीत भाकरी बुडवली. "पण जेवण झाल्यावर. डॉक्टरीणबाईंनी सावकाश चावून खायला सांगितलंय."

बायकांच्या अंगाला कुणीतरी फस्सकन हसले. अण्णांचा चेहरा लाल झाला. ते खांबाला टेकून बसलेल्या बुवांकडे वळले.

"बुवा, तुम्हीच सांगा हिला. तुमच्यापासून चालत आलेली चाल आहे ही. तुम्हीच पहिली निर्जळी केली होती इथं."

बुवांनी डोळे मिटून थोडे आठवल्यासारखे केले.

"केली होती खरी. त्या वर्षी माझं पोट बिघडलं होतं, शिवराम. सकाळपासून हातात तांब्या होता. पोटात काही गेलं तर कीर्तन सोडून पळावं लागेल म्हणून घोटही घेतला नाही. पुढच्या वर्षी पाहतो तर तुम्ही लोकांनी त्याचं व्रत केलेलं! तुमची श्रद्धा पाहून मला सांगायला लाज वाटली. आता ही बाई लाजत नाही, मग मी म्हाताऱ्यानं कशाला लाजायचं?"

सगळा मांडव हसला. टाळकऱ्यांचे टाळ हातातल्या हातात किणकिणले. अण्णा बाजूला सरले.

द्वारकेने डबा संपवला, हात धुतले, पितळी डब्यातून कणीक घेतली, मळली आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावली. ना कमी, ना जास्त. आता त्या डब्यात फक्त पीठ होते. गोळ्यांचे पाकीट शेजारी उघड्यावर पडले होते, कुणालाही वाचता येईल असे. मग तिने पहिली थाप मारली, आणि तो खर्ज मांडवाच्या खांबाखांबांतून फिरून आला. त्या संध्याकाळी तिची एकही सम चुकली नाही.

आरतीनंतर गर्दी पांगली. द्वारका पखवाजावरची कणीक सुरीने खरवडत होती, तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन उकिडवे बसले. शिवरामअण्णा होते. इकडेतिकडे पाहत त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून काहीतरी अर्धवट बाहेर काढले आणि पुन्हा आत सारले. गोळ्यांचे चुरगळलेले पाकीट होते ते.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "ती तुमची डॉक्टरीण कुठल्या वारी बसते?"

द्वारकेने त्यांच्याकडे पाहिले. टोमणा अगदी जिभेवर आला होता. तिने तो गिळला.

"सोमवारी. मी जाणारच आहे, बरोबर चला. आणि अण्णा, आज दिवसभर उपाशी होतात ना? आधी माझ्यासमोर काहीतरी खाऊन घ्या."

खांबाजवळ बुवा डोळे मिटून बसले होते, पण ओठांवरचे हसू त्यांना लपवता आले नाही.

औषध सांगितले तसे, वेळेवर आणि उघडपणे घ्यावे. आणि हट्टी माणसाने आपला हट्ट शरीरावर न काढता, त्या औषधाच्या आड येणाऱ्यांसाठी राखून ठेवावा.