कुर्रर्र वाजलं की सगळं खोला

सकाळी सात वाजून वीस मिनिटं झाली होती. दामू मेकॅनिकने जीप ठोकळ्यांवर चढवली, बायकोला हाक मारली आणि तिथून सगळं सुरू झालं.

एका गावात, डांबरी रस्त्याच्या कडेला, एक भोळी सुलक्षणा राहत होती. तीच ही बायको. सातवी पास. डोकं थोडं कमी, पण लक्ष पक्कं. हे तिचं स्वतःचंच म्हणणं. "एकदा सांगा," ती म्हणायची, "मरेपर्यंत विसरणार नाही." गावाला तीच तर भीती होती.

तिची मुलगी तीन महिन्यांची झाली तरी बिननावाची होती. कुणी ठकी म्हणे, कुणी चिंगी. यातलंच एखादं चिकटलं तर? सुलक्षणाला घास गोड लागेना. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या म्हणजे दामूची थोरली बहीण, भारी मानाची. नाव मनात ठरवून बसलेली, पण कुणाला सांगेना. आज संध्याकाळी बारसं होतं. तिला आणायला हीच जीप जायची होती. आणि नेमका आजच जीपचा योक गेला. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलला शाफ्ट जोडणारा तो दोन कानांचा तुकडा पार झिजला होता. गाडी खडखड करी. हाताखालचा माणूस सासुरवाडीला गेलेला. म्हणून सुलक्षणा.

"नट खोलायच्या आधी खूण कर," दामू म्हणाला.

तिने देवघरातून करंडा आणला आणि नटाला कुंकू लावलं. दामूने तेलकट बोट फिरवलं. कुंकू गेलं.

"अगं, पंच धरून हातोडीने ठोकायची खूण! पुसता कामा नये. उघडायच्या आधी ठोकायचं."

"आता नाही विसरणार हो."

तेवढ्यात सासूबाईंनी हाक दिली. "सुलक्षणे, लोणच्याची बरणी उघड गं!"

सुलक्षणा पंच आणि हातोडी घेऊन गेली. एकच ठोका बसला. खूण झाली नाही, पण बरणी उघडली. चारी बाजूंनी.

"घरात बाई आणली का लोहार आणला?" सासूबाई लोणच्यात उभ्या राहून ओरडल्या.

दामू तेल गळू न देणारं नवीन रबरी सील बसवत होता. त्याने डोक्याला हात लावला. "ठोकाठोक लोखंडाला! नाजूक वस्तू असली की काठाला ग्रीस लावायचं आणि हळूच दाबून सरळ बसवायची. हे बघ, अशी."

"चुकलंच माझं. डोकंच कमी, त्याला काय करणार? पण आता पाठ झालं."

शेजारच्या बायका आल्या. चहा द्यायचा होता. कप चिनीमातीचे, नाजूक. सुलक्षणाने प्रत्येक कपाच्या काठाला बोटभर ग्रीस लावलं आणि कप बशीत हळूच दाबून सरळ बसवला. बायकांनी घोट घेतला. ओठ असे काही घसरायला लागले की कुणाला थू म्हणता येईना.

"दाबत काय सुटलीस!" दामू म्हणाला. तो नव्या योकचा नट आवळत होता. "आता नीट बघ. थोडं आवळायचं, हाताने फिरवून बघायचं. सैल फिरलं की अजून थोडं. किंचित जड फिरलं की बास. आणि जास्त आवळलं गेलं तर नट मागे घ्यायचा नाही. आतली कॉलर दबलेली असते. ती नवीनच टाकावी लागते."

"एवढं मला कळतं हो," सुलक्षणा म्हणाली. "सातवी शिकलेय मी."

सासरे फेटा घेऊन आले. "पोरी, जरा बांधून दे."

तिने फेटा बांधला आणि हाताने फिरवून बघितला. सैल फिरला. अजून थोडा आवळला. फिरवला. अजून थोडा. शेवटी फेट्याबरोबर सासऱ्यांचं डोकंही फिरायला लागलं, किंचित जड.

"सोड! डोळे बाहेर आले!"

"जास्त झालं वाटतं, मामंजी. पण आता मागे घेता येत नाही. दबलेलं नवीनच टाकावं लागतं."

"म्हणजे मला बदलतेस का काय?"

दामूने कात्रीने फेटा कापला. मग दमून म्हणाला, "काम झालंय. तू आता काही करू नकोस. जीपमध्ये बस आणि फक्त ऐक. कुर्रर्र असा आवाज आला तर समज, बेअरिंग चुकीचं बसलंय. मग कुणाचं ऐकायचं नाही. सगळं खोलायचं आणि पहिल्यापासून जोडायचं."

जीप गेली आणि आली. जराही आवाज नाही. आत्याबाई उतरल्या. दामू अंगाचं ग्रीस काढायला न्हाणीघरात शिरला. पाळणा सजला. बाळ पाळण्याच्या वरून-खालून देऊन-घेऊन झालं. आत्याबाई पाळण्यात वाकल्या. रीतीप्रमाणे बाळाच्या कानात म्हणाल्या, "कुर्रर्र!" आणि हळूच नाव सांगितलं. त्यांच्या पाठीत धपाटे घालायला बायकांनी हात उचलले.

"थांबा!" सुलक्षणा ओरडली. "आवाज आला!"

तिने बाळ सासूबाईंकडे दिलं, फुलं उतरवली, पाळण्याची दोरी सोडली.

"वन्सं, उठा. तुम्हाला घरी पोचवून परत आणावं लागेल."

"मला? का गं?"

"तुम्ही चुकीच्या बसल्यात."

आत्याबाईंनी पिशवी उचलली आणि समोरून आलेल्या एसटीत जाऊन बसल्या. मागे वळूनही बघितलं नाही.

दामू डोकं पुसत बाहेर आला. "आक्का कुठंय?"

"खोलली. तुम्हीच म्हणालात ना?"

"अगं, आणि नाव? नाव काय ठेवलं?"

"ते त्यांनी कानात सांगितलं."

"कुणाच्या?"

सुलक्षणाने बाळाकडे बोट दाखवलं.

तेव्हापासून सगळं घर त्या पोरीच्या तोंडाकडे बघत बसलंय. नाव तिला ठाऊक आहे, पण ती बोलायला अजून अवकाश आहे. तेव्हा तुमच्यापैकी कुणी आत्याबाईंच्या गावाकडे जाणार असाल, तर एवढा निरोप पोचवा. राग गिळा आणि फोनवर तेवढं नाव सांगा म्हणावं. पण सरळ नावच सांगा, आधी कुर्रर्र करू नका. फोन सुलक्षणा उचलते.