अंगठ्याआड

“मग माझं शेवटचं वर्ष तुम्ही का वाया घालवलंत, सर?”

कस्तुरी आवटीनं विचारलं आणि स्वतःच दचकली. घरून निघताना हा प्रश्न तिनं चांगला तीन-चार वेळा मऊ करून घेतला होता. ग्राउंडवर येईपर्यंत त्याला पुन्हा काटे फुटले.

रणभिसे सर बास्केटबॉलमध्ये हवा भरत बसले होते. सुई जिभेवर ओली करायची, चेंडूत खुपसायची, पंप मारायचा आणि एक टप्पा टाकून तो कानानं ऐकायचा. मिरजेच्या त्या फार्मसी कॉलेजात पोरींना खेळ शिकवायचा आणि उरलेल्या वेळात चेंडू फुगवायचे, एवढाच त्यांचा संसार. प्रश्न ऐकूनही पंप काही थांबला नाही.

“बस,” एवढंच म्हणाले.

ती बसली नाही. बसलं की राग निम्मा होतो, आणि आज तिला तो पुरवायचा होता.

राग यायला कारणही तसंच होतं म्हणा. रेल्वेच्या महिला संघाची निवड चाचणी लागली होती. बोलावणं यायचं तर अर्जासोबत प्रशिक्षकाचं पत्र हवं, पत्रात चारही हंगामांचे गुण हवेत, आणि पाकीट आज संध्याकाळच्या आत कुरिअरला पडायला हवं. तिथं निवड झाली, तर खेळ चालू राहणार. नाही झाली, तर पप्पांनी सांगलीच्या एका औषध कंपनीत शब्द टाकून ठेवलाच होता. तिथला पांढरा कोट एकदा अंगावर चढला की बूट माळ्यावर जाणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

आणि गुण कसे? पहिल्या वर्षी नऊ. दुसऱ्या वर्षी चोपन्न. तिसऱ्या वर्षी एकशे सत्त्याऐंशी. चौथ्या वर्षी एकसष्ट!

कागद बघणारा कुणीही म्हणेल, ही पोरगी संपली.

तशी ती पहिल्या वर्षी आली तेव्हा पाच फूट दहा इंच उंची आणि त्याहून दोन इंच जास्त गर्व घेऊन आली होती. उंच आहे म्हणून सरांनी तिला फॉरवर्ड केलं, म्हणजे बास्केटच्या जवळ खेळणारी. आणि मग दोन महिने तिच्या हातात चेंडूच दिला नाही. धाव, थांब, पाय रोव. पुन्हा धाव, पुन्हा थांब. रोज घरी जाऊन ती आईपुढं रडायची की मला मैदानावर भातलावणीसारखं पाय रोवायला लावतात.

दुसऱ्या वर्षी सरांनी तिला चेंडूकडे बघायची बंदी केली. बास्केटला लागून चेंडू उडाला की सगळ्या जणी वर बघतात. तू तुझ्या अंगावरच्या पोरीकडे बघ, तिला पाठीशी अडव, चेंडू खाली येतोच. आणि खरंच, तो यायला लागला. चोपन्न गुण त्या वर्षीचे.

तिसऱ्या वर्षी मात्र सरांनी तिला मोकळी सोडली. काय खेळली पोरगी त्या वर्षी! पेपरात फोटो आला, पप्पांनी तो आपल्या दुकानात काचेखाली लावला, कॉलेजच्या कँटीनवाल्यानं तिच्याकडून चहाचे पैसे घ्यायचं बंद केलं.

आणि चौथ्या वर्षी सरांनी सांगितलं की आता जुईसाठी स्क्रीन लाव.

स्क्रीन म्हणजे दुसरीसाठी भिंत होऊन उभं राहायचं. हात छातीशी, पाय जमिनीत. आपल्या पोरीच्या मागे लागलेली विरुद्ध संघाची पोरगी येऊन आपल्यावर आदळते, आपली पोरगी सुटते आणि बास्केट करते. आपण जागचे हललो की फाउल आपलाच. जुई लोंढे दुसऱ्या वर्षाला होती, चपळ होती, गोड होती. वर्षभर कस्तुरी तिच्यासाठी उभी राहिली, वर्षभर धडका खाल्ल्या आणि वर्षभर पेपरात जुईचे फोटो बघितले. सरांना उलट बोलायची त्या ग्राउंडवर रीत नव्हती, म्हणून गप्प राहिली. ते सगळं आज एकदम बाहेर येत होतं.

“पत्रात एवढंच लिहा सर, की चौथ्या वर्षी गुडघा दुखावला होता. म्हणून गुण कमी.”

पंप थांबला.

“कुठला गुडघा? डावा की उजवा? लिहायचं तर नीट लिहायला हवं ना.”

कस्तुरीचे कान तापले. ती म्हणाली, मला खोटं बोलायची हौस नाही, पण एकसष्ट गुणांवर मला कुणी चाचणीला उभं तरी करेल का? मी काय होते ते तुम्ही विसरलात. आणि तिनं मोबाईल काढून सरांच्या पुढ्यात धरला.

तिसऱ्या वर्षीच्या अंतिम सामन्याचा व्हिडिओ होता तो. पप्पांनी प्रेक्षकांत बसून काढलेला. पप्पांचा मोबाईल चेंडूमागे जात नाही, कस्तुरीमागे जातो, त्यामुळे बारा मिनिटं पडद्यावर मधोमध तीच. इकडून सुटली, बास्केट. तिकडून सुटली, बास्केट. मध्ये मध्ये पप्पांचा आवाज, “वा गं माझी वाघीण!”

सरांनी सगळा बघितला. अगदी मन लावून बघितला.

“छान खेळलीस,” ते म्हणाले. “पुन्हा लाव.”

तिनं पुन्हा लावला. या वेळी सरांनी मोबाईल आपल्या हातात घेतला आणि उजव्या हाताचा अंगठा पडद्यावर ठेवला, बरोबर कस्तुरीवर. व्हिडिओ थांबला. टेकवला की थांबतो, हे त्यांच्या ध्यानात आलं, तसा त्यांनी अंगठा केसभर वर धरला आणि ती जाईल तिकडे नेऊ लागले.

“आता बघ.”

“काय बघू? मीच झाकली गेलेय.”

“हं.”

ती बघत राहिली. आधी काहीच दिसेना. नुसता सरांचा जाडजूड अंगठा आणि त्याच्या कडेनं धावणारे पाय. तिला वाटलं, म्हाताऱ्याची ही काहीतरी लहर आहे.

मग नऊ नंबरची जर्सी दिसली.

वनिता चौगुले. तेव्हा शेवटच्या वर्षाला होती. काळीसावळी, कमी बोलणारी, बेडगहून एसटीनं यायची. वनिता धावत आली, हात छातीशी घेतले आणि उभी राहिली. कस्तुरीच्या मागे सुसाट येणारी विरुद्ध संघाची सहा फुटी पोरगी धाडकन तिच्यावर आदळली. वनिता हलली नाही. अंगठ्याच्या आड कुठंतरी बास्केट झालं, प्रेक्षक ओरडले, पप्पा ओरडले. वनिता डावा खांदा चोळत परत धावायला लागली होती.

पुन्हा तेच. पुन्हा धडक, पुन्हा ओरडा.

पुन्हा.

पाचव्या की सहाव्या खेपेला वनिता पडली. चांगली आडवी झाली. सगळ्या जणी कस्तुरीला टाळ्या द्यायला धावल्या होत्या, त्यामुळे हात द्यायला कुणी नव्हतं. ती एका हातावर रेटा देऊन आपली आपणच उठत होती. पुरती उठलेली दिसलीच नाही; पप्पांचा मोबाईल कस्तुरीमागे गेला आणि वनिता पडद्याबाहेर राहिली.

कस्तुरी खाली बसली. सरांनी सांगितलेलं तेव्हा नव्हती बसली.

“सर… मला वाटायचं, मीच सुटते.”

स्क्रीन लावतात हे तिला माहीत नव्हतं असं नाही. रोजचा सराव होता तो. पण सामन्यात आपण सुटतो ते आपल्या पायांच्या जोरावर, असंच ती वर्षभर धरून चालली होती. आज चौथ्या वर्षाच्या धडका अंगात होत्या, म्हणून वनिताला बसलेली प्रत्येक धडक तिला कुठं लागली ते बरोबर कळत होतं.

“तुम्ही सांगितलं का नाही मला?”

“सांगितलं असतं, तर तू तिच्याकडे बघत धावली असतीस. तू बघितलंस की तुझ्या मागची पण बघणार. मग तिथं उभं राहून उपयोग काय?”

“म्हणून मला कळूच दिलं नाहीत?”

“तेव्हा नाही.”

तिला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. लाज होती त्यात, पण तेवढीच नव्हती. कुणीतरी वर्षभर आपल्यासाठी मार खाल्ला, एकदाही बोलून दाखवला नाही, आणि आपल्याला त्यातलं काही ठाऊकसुद्धा नव्हतं. पेपरातला फोटो बघूनही तिचं मन एवढं कधी भरून आलं नव्हतं. आणि मघाशी ज्या सरांना तिनं वर्ष वाया घालवल्याचा बोल लावला, त्यांनी नेमकं ते वर्ष दिलं नसतं, तर हा व्हिडिओ ती जन्मभर नुसता पप्पांसारखाच बघत राहिली असती.

सरांनी पुढचा चेंडू घेतला आणि सुई ओली केली.

“एकसष्टच लिहा, सर.”

सरांनी शर्टाच्या खिशातून पाकीट काढून तिच्या हातात दिलं. चिकटवलेलं होतं. सकाळीच लिहून ठेवलेलं असणार. आत काय आहे ते तिनं विचारलं नाही, आणि पाकीट वेळेत कुरिअरला पडलं.

बोलावणं आलं. चाचणी झाली. निवडलेल्या बारा जणींच्या यादीत तिचं नाव अकरावं होतं. पप्पांना ते पहिलं नसल्याचं थोडं वाईट वाटलं, पण त्यांनी पेढे मात्र दोन किलो आणले.

त्यातला पहिला पुडा कस्तुरी जयसिंगपूरला घेऊन गेली. वनिता तिथं एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभी असते. गिऱ्हाईकांच्या गर्दीतच कस्तुरीनं तिच्या पायांना हात लावला, तशी ती बिचारी ओशाळून इकडेतिकडे बघायला लागली. मग सगळं ऐकल्यावर खूप हसली. म्हणाली, अगं, डावा खांदा थंडीत अजून तुझी आठवण काढतो! आणि मग हळूच म्हणाली की आपल्यासाठीही आपल्या आधीची निलोफरदीदी अशीच उभी राहिली होती. आणि तेही तिला स्वतःला धडका बसायला लागल्यावरच कळलं. निलोफरदीदी तोवर सौदीला गेली होती. पेढा द्यायचा राहिला तो राहिलाच.

दुसरा पुडा घेऊन कस्तुरी ग्राउंडवर आली. पहिल्या वर्षाच्या पोरी धावत होत्या, थांबत होत्या, पाय रोवत होत्या. सरांच्या पाया पडली. बोलायचं पुष्कळ ठरवलं होतं, पण तुमच्यामुळे सर, तुमच्यामुळे, एवढंच दोनदा तोंडातून आलं. सरांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा हातात धरून उभे राहिले.

तिनं वनिताचं सांगितलं. निलोफरदीदीचं सांगितलं. सर नुसते मान हलवत ऐकत होते.

“सर, तुम्ही पण फॉरवर्डच खेळायचात ना?”

“हो.”

“मग तुमच्यासाठी कोण उभं राहायचं?”

सरांनी हातातल्या अर्ध्या पेढ्याकडे बघितलं.

“ते कळलं असतं, तर त्याच्या हातावर पेढा ठेवून मोकळा झालो असतो. इतकी वर्षं तुम्हा पोरींना शिकवत बसलो असतो का?”