शेंदराखालचा चेहरा

पूर्वी वेळावती नगरात अरिष्टसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका पाथरवटाच्या कुळात जन्मला. दगडावरून नुसता तळवा फिरवून तो सांगे, हा कोणत्या डोंगराचा आणि घडवून किती पावसाळे झाले. राजाला जुन्या मूर्तींचा भारी नाद. त्यांच्यासाठी त्याने एक शिल्पमंडप बांधला होता आणि बोधिसत्त्वाला तिथला पारखी नेमले होते. बोधिसत्त्वाने मान हलवली की मूर्ती मंडपात जाई, नाही तर आल्या वाटेने परत.

एके दिवशी गोधक नावाचा व्यापारी एक यक्षी घेऊन आला. काळ्या दगडाची, कमरेइतकी उंच, कडेवर मूल. चेहरा असा, की तिला आत्ताच कोणी हाक मारली आणि ती वळून पाहते आहे. बोधिसत्त्वाने आयुष्यात तसा चेहरा पाहिला नव्हता. गोधक म्हणाला, रानात बेवारस पडली होती, नांगराच्या फाळाला लागली. बोधिसत्त्वाने मूर्तीच्या कानामागे बोट फिरवले. बोट लाल झाले. शेंदूर होता तो, ओला, करंजाच्या तेलात खललेला. वास ओळखीचा होता. करंजाच्या तेलात शेंदूर खलतात ते फक्त नदीच्या वरच्या खोऱ्यात. रानात पुरलेल्या मूर्तीला तेल-शेंदूर कोण लावायला जातो? हे सगळे त्याला एका क्षणात कळले. त्याने बोट उपरण्याला पुसले.

राजाने विचारले, मूर्ती कशी आहे. अशी दुसरी नाही, असे बोधिसत्त्व म्हणाला. ते खरेच होते, आणि त्याच्या आडोशाला उरलेले खरे लपून गेले. मौन सर्व अर्थ साधते म्हणतात. त्या दिवशी त्याने बोधिसत्त्वाचा फक्त स्वार्थ साधला. गोधकाला बक्षीस मिळाले, बोधिसत्त्व मंडपाचा मुख्य झाला, आणि तो चेहरा रोज सकाळी त्याच्या डोळ्यांसमोर राहिला.

अशी तीन वर्षे गेली. पण सुखाने गेली असे म्हणवत नाही. यक्षी वळून पाही ती आपल्याकडे नव्हे, हे त्याला रोज नव्याने कळे. तिला कोणीतरी मागून हाक मारीत होते. शेवटी एका सकाळी त्याने मंडपाला कुलूप लावले आणि तो वरच्या खोऱ्याकडे चालू लागला.

चार गावे पालथी घालून तो पिंपळखोऱ्याला पोचला. तिथली देवी तर जागच्या जागी होती. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता लालभडक गोल उंचवटा. सामिला नावाची म्हातारी तिची राखण करी, देवळाची किल्ली तिच्याच कमरेला असे. तिने पाहुण्याला गावाची रीत सांगितली. लग्न होऊन गावात आलेली प्रत्येक सून पहिल्या पौर्णिमेला देवीआईच्या अंगावर ओल्या शेंदराची थाप देते. थाप पडली की ती गावची झाली. अशा किती पिढ्यांच्या सुना झाल्या कोण जाणे. थर वीतभर जाड झाला होता, आणि आतली आई जिवंत माणसांपैकी कोणीही पाहिली नव्हती.

बोधिसत्त्वाने परवानगी मागून त्या लाल अंगावर बोटाच्या पेराने हलकेच टकटक केले. पोकळ आवाज आला. सामिला दचकली नाही. ती खाली बसली.

"मला ठाऊक हाय, बाबा," ती म्हणाली. "तीन वरसं झाली."

मग तिने सगळे सांगितले. लेकीच्या बाळंतपणाला ती शेजारच्या गावी गेली होती आणि घाईत कुलूप लावायचे राहिले होते. परत आल्यावर आईला पुसताना पाठीमागे तिच्या हाताला शिवण लागली. चोराने शेंदराचे कवच मागच्या बाजूने चिरून, दोन भागांत उघडून दगडाची मूर्ती काढून घेतली होती, आत भुसा आणि माती कोंबली होती, आणि वरून ताजा शेंदूर फासला होता. राखणारणीनेच विकली असे गाव म्हणेल, या भीतीने तिने तोंड उघडले नाही. त्यानंतर गावात तीन सुना आल्या होत्या.

"तिघींनी भुश्याला थाप दिली," सामिला म्हणाली. "त्या अजून गावच्या झाल्याच न्हाईत. आन् हे त्यांना ठाऊक न्हाई."

"मलाही ठाऊक होतं, माय," बोधिसत्त्व म्हणाला. "तीन वर्षं."

दोघांनीही मिठाची गुळणी धरली होती, एकीने भीतीपोटी, एकाने लोभापोटी. म्हातारीने त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते. तिने पाणी दिले.

बोधिसत्त्वाने राजसभेत सारे सांगितले, सामिलेचा अपराध तेवढा तिने सांगायचा म्हणून ठेवला. राजाचा चेहरा उतरला. त्याने बोधिसत्त्वाला बाजूला घेऊन सुचवले की तू नुसते 'शंका आहे' एवढेच म्हण, मूर्ती इथेच राहील, तुझ्याच नजरेसमोर. बोधिसत्त्वाने मान हलवली नाही. गोधक तर चोर तो चोर वर शिरजोर. तो म्हणाला, गावकऱ्यांनाच बोलवा, आपली देवी कोण ओळखणार नाही?

गावकरी आले. त्यांना यक्षीपुढे उभे केले. ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. गावचा मुख्य भायल साधा सरळ माणूस, खोटे बोलणे त्याला जमत नसे.

"ही आमची न्हाई, महाराज," तो म्हणाला. "आमच्या आईला नाकडोळं न्हाईत."

सभा हसली. गोधक सगळ्यांत मोठ्याने हसला. आपल्या आईला परकी म्हणून ते भोळे लोक परत निघालेसुद्धा. तेव्हा सामिला पुढे झाली आणि चारचौघांत तिने आपला अपराध सांगितला. गावकऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. सुनांपैकी एक रडू लागली.

आता पुरावा एकच होता. कवचाच्या आतल्या बाजूला मूर्तीचा ठसा असणार, साच्यात असतो तसा. ते मूर्तीवर बसवून पाहायचे. पण बोधिसत्त्वाला त्या शेंदराची जात माहीत होती. चोरीनंतर लगेच ते कवच तेलाने मऊ होते, उघडले असते आणि मिटलेही असते. दगडावाचून तीन उन्हाळे काढून ते पापडासारखे झाले होते. एकदा बसेल, पण पुन्हा निघणार नाही. आणि त्यात गावातल्या साऱ्या आज्यापणज्यांचे हात होते. त्याने हे लपवले नाही. भायलने सामिलेकडे पाहिले. ती म्हणाली, "आई हवी का आईचं लुगडं?"

गवताच्या अंथरुणावर ठेवून, बैलांना पावलापावलाने चालवून कवच नगरात आणले. बोधिसत्त्वाने भुसा काढला आणि दोन्ही भाग यक्षीच्या अंगाला लावले. नाकाला नाकाची खाच मिळाली, मुलाच्या पायाच्या अंगठ्यालाही जागा मिळाली. शिवण अशी जुळली की मध्ये केसही शिरला नसता. राजा आसनावरून उठून उभा राहिला. आणि कवच काढायला हात लावताच ते ढासळले. म्हाताऱ्या खाली बसून तुकडे निवडू लागल्या. काहींवर बोटांचे ठसे होते, पण कोणता कोणाच्या सासूचा, हे कोणालाच सांगता येईना.

राजाने गोधकाला राज्याबाहेर घालवले आणि मूर्ती गावाला दिली. मग त्याने बोधिसत्त्वाला एवढेच विचारले, "तू पहिल्याच दिवशी का बोलला नाहीस?" बोधिसत्त्व मूर्तीच्या गाडीबरोबर चालू लागला.

पिंपळखोऱ्यात यक्षी जागेवर बसवली. लोक लांबच उभे राहिले. त्या देखण्या, परक्या चेहऱ्यापुढे कोणाचे हात जुळेनात. सामिलेने करंजाच्या तेलात शेंदूर खलला, तिन्ही सुनांना पुढे बोलावले आणि मग बोधिसत्त्वाला म्हणाली, "बाबा, बघून घ्या. परत कुणाला दिसायची न्हाई."

त्याने डोळे भरून पाहिले. मग शेंदराचे ताट त्याने स्वतः हातात धरले. पहिली थाप गालावर पडली, दुसरी कपाळावर, तिसरी डोळ्यांवर. तेव्हा कुठे गावाने हात जोडले.

पुढे पुष्कळ जन्मांनंतर शास्त्याने आपल्या भिक्खूंना ही कथा विहारात सांगितली, तेव्हा भिक्खू खेमक मान खाली घालून बसला होता. जुन्या स्तूपातला अस्थींचा हस्तिदंती करंडक कोणी नेला, हे त्याने महिन्यापूर्वी पाहिले होते आणि तो गप्प राहिला होता.

शास्ता म्हणाला, "त्या वेळचा गोधक तोच, ज्याने आता करंडक नेला. राजा अरिष्टसेन म्हणजे आपल्याला हा विहार देणारा उपासक. भायल म्हणजे भिक्खू उत्तिय, त्याला आजही खोटे जमत नाही. सामिला म्हणजे भिक्खुणी सोणिका. आणि बोट पुसणारा तो पारखी मी होतो. चेहरा परत गेला, खेमक, पण ते हात गेले ते गेलेच. सत्य ही पारमिता आहे, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा गुण. त्या जन्मी मी ती पाळली, पण शेंदूर सुकल्यावर."

खेमक उठला. भिक्षापात्र तिथेच ठेवून तो बाहेर पडला आणि स्तूपाच्या राखणदाराच्या घराकडे चालू लागला.