वानर, बुवा आणि मुंजाजीचं लग्न

एका गावात एक भोळा गडी होता. म्हणजे भोळे गावात पुष्कळ होते, पण बाकीचे कबूल करत नव्हते. ह्याचं नाव मुंजाजी. आईबाप लहानपणीच गेले, आत्यानं वाढवला. आत्याला एकच घोर, ह्याचं लग्न. मुलगी बघून ठेवली होती, सोजर. गावातल्या कीर्तनकार बुवांची भाची. बुवा हो म्हणाले तरच जमणार होतं. म्हणून आत्या उठता बसता बजावायची, "मुंज्या, मोठी माणसं सांगतील तसं वाग."

इथंच घोळ झाला. गावात मोठी माणसं दोन, आणि दोघांचं एकमेकांशी वाकडं.

एक बुवा. दुसरा शाळेचा मास्तर. वयानं पोरगाच, बिनलग्नाचा, आत्याच्या पडवीत भाड्यानं राहायचा. त्यानं शाळेत धडा घेतला की माणूस आणि माकड एकाच पूर्वजाची लेकरं. बुवांनी कीर्तनात टाळ आपटून सांगितलं, "ज्याचा आजा झाडावर होता त्यानं खुशाल शेपूट शोधावं!" गाव पोट धरून हसलं. धडा कुणीच वाचला नव्हता.

मुंजाजीनं मास्तरला विचारलं, "म्हणजे वानरं आपली कोण?"

"भाऊबंद म्हण ना," मास्तर म्हणाला.

पितरांचा दिवस आला. आत्या म्हणाली, "मुंज्या, भाऊबंदांना जेवायला घेऊन ये." मुंजाजी देवळामागं गेला, वडे दाखवत दाखवत वानरांची टोळी घेऊन आला. पत्रावळी मांडल्या. टोळी जेवली, आत्याचं वाळत घातलेलं लुगडं घेऊन चिंचेवर गेली.

"मुडद्या, हे कोण आणलंस?"

"भाऊबंद. मास्तर म्हणाला."

"आणि आपले खरे?"

"त्यांच्यापरीस हे बरे, आत्या. जेवले, पण बांधाचा विषय काढला नाही."

आत्यानं त्याला कान धरून बुवांकडं नेलं. बुवांनी समजावलं, "हे बघ लेकरा, देवानं जे जसं केलं ते तसंच राहतं. एकाचं दुसरं होत नाही. ध्यानात ठेव."

मुंजाजीनं ध्यानात ठेवलं.

पुढं सप्ताह बसला. काल्याच्या पंगतीला कढी करायची होती. घरोघरचं दूध देवळात आलं, बुवांनी विरजण लावायचं काम मुंजाजीला दिलं. दुसऱ्या दिवशी पंगतीची तयारी सुरू झाली. बुवांनी झाकण काढलं आणि नाकाला उपरणं लावलं. दूध नासलं होतं. विरजणाचं गाडगं कोपऱ्यात जसंच्या तसं.

"अरे, विरजण का नाही लावलंस?"

"एकाचं दुसरं होत नाही ना, बुवा. देवानं दूध केलं, आपण त्याचं दही कोण करणार?"

गावानं भात कोरडाच गिळला. मास्तर हसून हसून पाणी मागू लागला. मग मुंजाजीला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, बदल होतो. पण फार सावकाश. पिढ्यान् पिढ्या जातात. घाई करून चालत नाही."

बरं, म्हणाला मुंजाजी.

बुवा रागावले होते, पण भाचीला दुसरं स्थळ येत नव्हतं. त्यांनी सोजरच्या बापाला, मुळे पाटलाला, बोलणी करायला आणलं. आत्यानं पुरणाची डाळ चुलीवर ठेवली आणि ओटीवर पाहुण्यांकडं गेली. जाताना म्हणाली, "मुंज्या, शिजली की उतरव." थोड्या वेळानं ओटीवर धूर आला. आत जाऊन बघितलं तर डाळीचा कोळसा, आणि मुंजाजी समोर मांडी घालून बसलेला.

"बघत काय बसलास?"

"घाई करून चालत नाही, आत्या. माझ्या पिढीत शिजेल असं वाटत नाही."

बुवांनी कपाळाला हात लावला. "मास्तरचं ऐकू नकोस रे! माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलाय? डोळ्यांनी पाहिलं नाही ते खरं म्हणायचं नाही!"

तेवढ्यात मुळे पाटलांनी मुंजाजीला विचारलं, "काय जावईबापू, वडलांचं नाव काय?"

"सखाराम म्हणतात. पण मी कुठं होतो बघायला?"

मुळे पाटील ताडकन उठले. चपलेत पाय घातला. मग त्यांना परसातली मुंजाजीची विहीर दिसली. पाणी वरपर्यंत. चपलेतला पाय त्यांनी परत काढला. लग्न ठरलं.

आता बुवा आणि मास्तर दोघंही घाबरले. आपल्या भांडणात पोराचं लग्न मोडायचं. जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. त्यांनी मुंजाजीला समोर बसवलं.

"हे बघ," मास्तर म्हणाला, "देवाचं आणि माकडाचं ज्याचं त्यानं ठरवावं."

"दोन बाजू समोरासमोर उभ्या राहिल्या, की आपण मध्ये पडायचं नाही," बुवा म्हणाले. "गुपचूप बाजूला व्हायचं."

"एवढंच?" मुंजाजीला बरं वाटलं. हे सोपं होतं.

लग्नाचा दिवस. अंतरपाट धरला. इकडं मुंजाजी, तिकडं मान खाली घालून सोजर, हातात माळ. मुंजाजीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. दोन बाजू समोरासमोर उभ्या होत्या. तो गुपचूप बाजूला झाला.

मास्तरनं पाहिलं मात्र, धावत पाटाशी आला. "अरे, इथं उभा राहा, इथं!" म्हणून स्वतः पाटावर चढून जागा दाखवू लागला. भटजींचे डोळे मिटलेले. त्यांनी "सावधान" म्हटलं, अंतरपाट खाली आला, ताशा वाजला आणि सोजरनं समोर जो होता त्याच्या गळ्यात माळ घातली.

ताशा थांबला. सोजरनं मान वर केली. मास्तरकडं बघितलं, खुदकन हसली. "राहू द्या आता," म्हणाली.

मुळे पाटलांनी मास्तरला विचारलं, "नोकरी पक्की आहे का?"

"आहे."

"मग बसा."

बुवा मटकन खाली बसले. माकडवाला घरचा जावई झाला. आणि अक्षता? मांडवात सगळ्यात जोरात अक्षता मुंजाजीच टाकत होता. आत्या ऊर बडवत आली, "अरे मेल्या, तुझी बायको गेली ना रे!"

"जाईना का," मुंजाजी म्हणाला, "ह्या खेपेला कुणी कान धरला का माझा? मी मध्ये पडलोच नाही."